कुठे निघालीस, हे मी विचारलं नाही

जबाब देणार: गुरुनाथ वामन टिपणीस, वय त्रेसष्ट, निवृत्त फार्मासिस्ट, राहणार जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन, न्यूझीलंड.
स्थळ: जॉन्सनव्हिल पोलीस स्टेशन. ऑक्टोबर १९९६, रविवार, संध्याकाळ.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, मला इंग्रजी चांगलं येतं. गोळ्या कधी आणि कशा घ्यायच्या, हे इथल्या लोकांना मी इतकी वर्षं इंग्रजीतूनच समजावलं आहे. पण आज तोंडातून शब्द फुटेना, म्हणून कॉन्स्टेबल बाईंनी आमच्याच रस्त्यावर राहणाऱ्या नीलांबरीला बोलावून घेतलं. ती हॉस्पिटलात नर्स आहे. मी मराठीत सांगतो आहे आणि ती लिहून घेते आहे, इंग्रजी नंतर करणार आहे. माझे वडील सांगलीच्या कोर्टात बेलिफ होते. जबाबात विचारलं तेवढंच सांगायचं, हे मला ठाऊक आहे, पण आज ते जमेल असं वाटत नाही.

माझी पत्नी दमयंती, वय साठ, निवृत्त नर्स, आज सकाळी न्याहारीनंतर पाठीवर सॅक घेऊन घरातून बाहेर पडली ती अद्याप परतलेली नाही. एरवी ती दुपारच्या चहाला घरात असते. आज मी दोघांचा चहा केला. तिचा गार झाला म्हणून पुन्हा केला, तोही गार झाला. मग मी दार नुसतं लोटून इकडे आलो.

ती कशासाठी बाहेर पडली असं विचारल्यावरून सांगतो की, स्कॉटलंडसाठी. येत्या मे महिन्यात तिला तिकडे डोंगरातून चालत जायचं आहे. मराठवाड्यातल्या एका मिशन हॉस्पिटलात ती नर्सिंग शिकली. तिथली मेट्रन स्कॉटिश होती आणि उन्हाळ्यात पोरींना गच्चीवर बसवून आपल्याकडच्या तळ्यांच्या आणि धुक्याच्या गोष्टी सांगायची. ते खूळ दमयंतीच्या डोक्यात तेव्हापासून आहे. नोकरी संपली आणि ते बाहेर आलं. लायब्ररीतून पुस्तकं आली, नकाशे आले. आमचं जेवणाचं टेबल गेलं वर्षभर नकाशांनी अडवलेलं आहे आणि मी ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर जेवतो.

मे महिनाच का, तर जूनमध्ये तिकडे चावरी चिलटं सुटतात आणि मे महिन्यात रानात निळी फुलं असतात. लॉख लोमंड नावाच्या तळ्याच्या काठाने चालायचं, मग रॅनॉकचं ओसाड माळरान, मग ग्लेनको, मग रेल्वेने समुद्रापर्यंत आणि होडीने स्काय बेटावर. हे मला पाठ आहे, कारण ती रोज सांगते. मी हं हं म्हणतो. हा तपशील तपासाला उपयोगी नाही असं कॉन्स्टेबल बाई म्हणाल्या, तरी लिहून घ्यावा.

सराव म्हणून ती इथल्या टेकड्या चढते. तिने त्यांना तिकडची नावं ठेवली आहेत. घरी आली की बूट काढता काढता सांगते, “आज रॅनॉकला जाऊन आले.” मी म्हणतो, “बरं. येताना डेअरीतून दूध आणलंस का?” काल जेवताना ती म्हणाली, “उद्या डेव्हिल्स स्टेअरकेस.” तिकडचा तो एक अवघड चढ आहे. इथला कोणता, ते मी विचारलं नाही. टीव्हीवर रग्बी चालू होती.

आज सकाळी ती दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. बांधल्या, सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. वारा सुटला होता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “येते मी.” मी म्हटलं, “ये.” ती जराशी थांबली आणि गेली. वेळ नक्की सांगता येणार नाही.

कुठे जातेस हे का विचारलं नाही, असं कॉन्स्टेबल बाईंनी विचारलं. पुन्हा विचारलं. त्यांचं चुकलं नाही. इथे लहान पोरंसुद्धा डोंगरात जाताना कुठून जाणार, कधी येणार, हे कोणालातरी सांगून जातात. आमच्यात बाहेर निघालेल्या माणसाला ‘कुठे’ असं विचारत नाहीत. विचारलं की काम होत नाही. कोणी विचारलंच तर माझी आई पायऱ्यांवरून परत यायची, पाटावर टेकायची, घोटभर पाणी प्यायची आणि मगच निघायची. मला आईचा मार बसला आहे त्यापायी. एवढा शिकलो, औषधं विकली, पण ती सवय गेली नाही. दमयंतीला मी संसारात कधीही, कोणत्याही दारात, कुठे निघालीस असं विचारलेलं नाही. तिचं भलं व्हावं म्हणूनच विचारलं नाही. हे इंग्रजीत कसं सांगायचं ते नीलांबरीने बघावं.

मुलगा ऋतुराज ऑकलंडला ओटाहुहुत असतो. त्याला इथूनच फोन केला. तो म्हणाला, “बाबा, डिडन्ट यू आस्क हर?” तो मराठी समजतो, पण उत्तर इंग्रजीतच देतो. त्यालाही टेकडी माहीत नाही. तो पहिल्या विमानाने येतो आहे.

अंगावरच्या कपड्यांबद्दल विचारल्यावरून सांगतो की, राखाडी पँट, हिरवा स्वेटर, सॅकमध्ये लाल रेनकोट. खात्री करायला एका हवालदाराबरोबर घरी जाऊन आलो. लाल रेनकोट नाही. खुंटीवरचा माझा निळा रेनकोटही नाही. तो तिने माझ्यासाठी गेल्या हिवाळ्यात आणला होता. मी एकदाही घातलेला नाही. माझा जाड स्वेटर नाही. थर्मास नेला आहे आणि कप दोन नेले आहेत. हवालदाराने विचारलं, दुसरं कोण होतं बरोबर? कोणी नव्हतं. ती मला म्हणायची, “तिकडे तुमचं ओझं मी घेईन, तुम्ही नुसते चला.” मला ते बोलणं थट्टेचं वाटायचं. ती दोघांचं सामान पाठीवर घेऊन एकटीच सराव करत होती. ते मला रिकामी खुंटी बघून कळलं. मला तिच्याशिवाय या गावात कोणी नाही, हे लिहावं.

डेव्हिल्स स्टेअरकेस म्हणजे कोणता चढ, तुम्ही कधी बरोबर गेला होता का, असं कॉन्स्टेबल बाईंनी विचारल्यावरून आठवलं ते सांगतो. एकदा गेलो होतो. गेल्या उन्हाळ्यात, तिने फारच गळ घातली म्हणून, आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, घालून गेलो. आमच्या इथल्या कौकाऊ टेकडीच्या मागच्या अंगाने ओहारियू खोऱ्याकडे उतरणारी वाट आहे. मेंढ्यांच्या कुंपणावर ओलांडायला लाकडी पायऱ्या आहेत, त्यापुढे वाट खाली घळीत जाऊन समोर नागमोडी चढते. मी त्या पायऱ्यांवर बसलो आणि म्हटलं, आता पुढे तू जा. ती पुढे गेली. वर पोचल्यावर तिने हात केला आणि ओरडून काहीतरी सांगितलं. वाऱ्यात मला ऐकू आलं नाही. खाली आल्यावरही काय म्हणालीस ते मी विचारलं नाही. पण जिन्यासारखा नागमोडी चढ तोच, म्हणजे ती हीच जागा. शोधणाऱ्यांनी तिथे आधी जावं.

नीलांबरीने सगळं वाचून दाखवलं. एका ठिकाणी थांबून म्हणाली, “काका, ‘विचारलं नाही’ हे फार वेळा आलंय. गाळू का थोडं?” गाळू नये. मी सांगितलं तसंच आहे.
सही: गु. वा. टिपणीस

पुरवणी जबाब, सोमवार, सकाळी

मी वरीलप्रमाणेच असून पुढे सांगतो की, आज उजाडताच शोधपथकाला दमयंती त्या कुंपणापलीकडच्या घळीत सापडली. उतरताना घसरून घोटा मोडला आहे. रात्रभर पाऊस होता. माझा स्वेटर आणि दोन्ही रेनकोट तिने एकावर एक चढवले होते, म्हणून ती गारठली नाही असं पथकातले लोक म्हणाले. जीव भांड्यात पडला.

हॉस्पिटलात तिला भेटून आलो. ती फार बोलली नाही. एवढंच म्हणाली, “काल विचाराल म्हणून मी नाड्या दोनदा बांधल्या.” आमच्यात विचारत नाहीत हे तिलाही माहीत आहे. तिच्याही माहेरी विचारत नसत. तरी ती वाट बघत होती. मी तिची चादर सारखी केली.

तिचा घोटा मे महिन्यापर्यंत बरा होईल का, ते डॉक्टर आज सांगू शकत नाहीत. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

हे मी माझ्या डोळ्यांनी वाचलं, बरोबर आहे आणि खाली सही केली आहे. सही करून उठलो, कोट घातला आणि दारापर्यंत गेलो, तेव्हा कॉन्स्टेबल बाईंनी मागून विचारलं, “आता कुठे निघालात?” नीलांबरी दचकली. मी परत आलो, खुर्चीत टेकलो, घोटभर पाणी प्यालो. मग त्यांना सांगितलं की हॉस्पिटलात निघालो आहे, दमयंतीकडे. गेल्या उन्हाळ्यात ती वरून काय ओरडली होती, ते तिला विचारायचं आहे. हेही जबाबात घ्यावं.
सही: गु. वा. टिपणीस