बावीस रकान्यांचा फॉर्म

...नाही हो, मला तिचा हेवा वाटत नाही, हे आधीच सांगतो. पण तुम्हीच सांगा, संगीत विद्यालयाचा प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म अकरा वर्षं कोण सांभाळतंय? मी. साध्या पीएचपी भाषेतला प्रोग्राम, हातानं लिहिलेला. बावीस रकाने, आणि एकेका रकान्याला माझ्या तीन ओळी. माणसानं काही भरलंय का बघ, मागच्यापुढच्या मोकळ्या जागा छाट, चुकून काही घातक टाकलं असेल तर ते निकामी कर. बावीस त्रिक सहासष्ट! आता एक रकाना चुकला की सगळा फॉर्म कोरा होऊन परत यायचा, हे खरं. लोक विद्यालयातल्या फोनवरच्या बाईंना वाटेल ते बोलायचे, हेही खरं. पण शिस्त म्हणून काही असते की नाही?

आणि ही नवी मुलगी, येऊन तीन आठवडे झालेत, तिनं काय करावं? एक छोटंसं फंक्शन लिहिलं, म्हणजे एकदाच लिहायचं आणि हवं तिथं नावानं बोलवायचं. नाव काय, तर 'घे'. रकान्याचं नाव सांगा, ते आणून, झटकून हातात देतं. काही नसेल तर रिकामं देतं, कटकट नाही. माझ्या सहासष्ट ओळींच्या झाल्या बावीस. वर एखादा रकाना चुकला तरी बाकीचं भरलेलं जागच्या जागी. फोनवरच्या बाई तिला म्हणाल्या, "पोरी, माझे कान वाचवलेस गं." अकरा वर्षांत मला कधी म्हणाल्या? साहेब तर माझ्या खुर्चीला टेकून म्हणाले, "हे आपल्याला आधी कसं नाही सुचलं हो?" आपल्याला म्हणे! हेवा नाही हो, नुसती छातीत जळजळ.

मग मी दोन दिवस दुसरं काही केलं नाही. नावात अवतरणचिन्हं घातली, वयात कविता लिहिली, पत्त्यात पानभर मोकळी जागा. पठ्ठं ढिम्म. शेवटी 'कोणती वाद्यं येतात' तिथं बासरीवर खूण केली, व्हायोलिनवरही केली... पान पांढरंफटक! एका रकान्यात दोन उत्तरं आली, आणि 'घे'ला एकच घेता येत होतं. मी तडक साहेबांच्या खोलीत. तिलाही बोलावलं. म्हटलं, आता रडेल.

ती म्हणाली, "काका, बरं झालं आत्ताच सापडलं. प्रवेश सुरू झाल्यावर केवढा गोंधळ झाला असता." आणि तिथंच उभ्या उभ्या चार ओळींत दुरुस्त केलं. काका! मी त्रेचाळीसचा आहे.

साहेब खूश. "आता असंच चालू दे. हिनं लिहायचं, तुम्ही मोडायचं."

तेव्हापासून रोज सकाळी ती येते, "काका, एवढं जरा मोडून द्या ना," आणि मी मोडत बसतो. चांगलं जमतं, खोटं कशाला बोलू. घरी सांगितलं, तर बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "चला, तुमच्या स्वभावाला एकदाची नोकरी लागली."