आण्णानं न भरलेलं टेंडर

हॅलो?… आण्णा! बोल की… घरीच हाय, सोलापुरात. हे साईटवर गेलेत… न्हाय रे, ये की भाऊबीजेला! सख्ख्या भावाला विचारून यावं लागतंय व्हय बहिणीकडं?

…विहिरीचं काम? मोडनिंबकडचं?… आण्णा, खरं सांगू? लई वाईट झालंय. वर जरासा मुरूम, आन् खाली सगळा काळा पत्थर. मशीनला बी फुटंना. ह्यांचं जेवणात ध्यान न्हाय… व्हय, एकरकमी ठेका. पत्थर लागू दे न्हायतर माती, मिळायचं तेवढंच… सोडायचं कसं? पहिलंच सरकारी काम ह्यांचं. सोडलं की नाव काळ्या यादीत.

तेच की! बाकीच्यांनी दुप्पट रेट भरला हुता. आमी हसलो, म्हटलं, हावरी माणसं. आन् तू तर टेंडर भरलंच न्हाईस. आईनं गल्लीभर पेढे वाटले रे, पोरानं बहिणीसाठी वाट सोडली म्हणून. मी बी ह्यांना म्हणले, आण्णानं यंदाची ओवाळणी आधीच दिली…

हॅलो?… आण्णा, काय म्हणलास?

…काय ठावं हुतं?… थांब. परत सांग… चनबसप्पाच्या मळ्यात? उन्हाळ्यात बोअर तूच मारलीस?… त्याला लागूनच की आमच्या ठेक्याची विहीर!

म्हंजे पत्थर हाय हे तुला ठावं हुतं. म्हणून भरलं न्हाईस. माझ्यासाठी न्हाय.

…अरे ऐक, ऐक ना. हे रेट काढत बसले तवा तू हितंच हुतास. चहा पीत. ह्यांनी विचारलं, आण्णा, जमीन कशी हाय तिथली? तू म्हणलास, बघा तुमचं तुमी… म्हणलास की!… धंद्यात कुणी कुणाला सांगत न्हाय? अरे, मी काय धंद्यातली हाय?… व्हय, वाटलं असतं. टेंडर तुला मिळावं म्हणून भ्या दाखवतोयस, असंच वाटलं असतं आमाला. वाटू द्यायचं! भांडले असते, अबोला धरला असता. पण तू सांगितलंस, एवढं तरी राहिलं असतं माझ्याजवळ.

…न्हाय रडत… रडते, व्हय! पत्थराचं काय न्हाय रे, फुटंल कधीतरी.

आईला सांगू नगंस. तिचे पेढे गोडच राहू देत.

…येऊ नगंस असं कुटं म्हणले? ये. पाट मांडते, ओवाळते. फकस्त ताटात काय टाकू नगंस… तुझी ओवाळणी पोचली, आण्णा.

ठेवते.