अर्बाबच्या घरची मांडी

माझा गुडघा इतक्या लवकर वाकायला लागला, त्याचं श्रेय फिजिओथेरपिस्टला देऊ नका. ते आमच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, वडिलांचं.

लिगामेंटच्या ऑपरेशनला दोन महिने झाले तरी पाय काटकोनापुढे वाकत नव्हता. पण नोकरीची धास्ती, म्हणून अर्बाबला 'एकदम ठीक आहे' असं ठोकून दिलं होतं. तो खूश झाला आणि त्यानं मला खाबुऱ्याला, त्याच्या गावी, घरी जेवायला बोलावलं.

गेलो, तर त्याचे ऐंशीच्या घरातले वडील खाली गालिच्यावर बसलेले. आता खुर्ची कुठल्या तोंडानं मागणार? पाय लांब करून खाली बसलो, तर माझा तळवा थेट म्हातारबाबांच्या समोर. इकडे आखातात तो अपमान समजतात. मग खजूर, कहवा, भाताचं मोठं थोरलं ताट, एवढ्या वेळात तो पाय मी इंचाइंचानं आत ओढला. चेहरा हसरा, पाठ घामानं भिजलेली. आणि चक्क अर्धी मांडी बसली.

जेवण उरकलं तसे म्हातारबाबा अर्बाबच्या कानाशी लागले. अर्बाब ओशाळून मला म्हणाला, "बुरा मत मानना. बाबा के घुटने का ऑपरेशन हुआ है, नीचे बैठना मना है. मेहमान आएगा इसलिए कुर्सी अंदर रखवा दी थी. अब मंगवा लूँ?"

मी म्हटलं, "दो मंगवाइए."