लाल-हिरव्याची फेरपरीक्षा

...आणि वर मलाच विचारते, "वाइसाले, तुला एवढंही येत नाही?" अहो, मला कशाला येईल? मी बस चालवतो हो! आमच्या फिजीत, सुवा ते नौसोरी, नौसोरी ते सुवा, एकोणीस वर्षं! पण तुम्हाला सांगतो, बायको अडतिसाव्या वर्षी डॉक्टर व्हायला निघाली ना, की नवरा आपोआप पहिल्या वर्षाला बसतो... नाव न घालता!

वासिती माझी चौदा वर्षं नर्स. अख्खा वॉर्ड हिच्या भुवईवर चालायचा. ती नोकरी सोडून कॉलेजात गेली आणि जीवरसायन, आनुवंशिकता, संख्याशास्त्र या तिन्हींच्या एकत्र पेपरात आपटली. आता फेरपरीक्षा. यात गेली की कॉलेजातली जागाच गेली! झालं, घरात कुणाचं बूड टेकेना. ती येरझारा घालत वाचणार, मी मागोमाग चिठ्ठ्या घेऊन प्रश्न विचारणार. चुलीवर कसाव्याचे कंद करपतायत, तरी "पुढचा प्रश्न!" न्हाणीच्या दाराबाहेर उभं राहून मी ओरडतोय, "सायट्रिक आम्लाचं चक्र सांग!" आतून आधी पाण्याचा आवाज... मग रडण्याचा!

शेवटी मीच म्हटलं, "अगं, बस समज. ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटवरून सुटली, फिरून ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटलाच आली. मधे दोन थांब्यांवर कार्बन डायऑक्साइड उतरला. संपलं!" तिला पाठ झालं. आणि मलाही! नाबुआच्या थांब्यावर ब्रेक मारतो नि तोंडातून "फ्युमरेट!" बाहेर पडतं... उतारू घाबरून उतरतात! मी बस चालवतो हो!

मग आली आनुवंशिकता. शनिवारची दुपार, चटईवर जरा कुठे पाय पसरलेत, तर ही कागद नाचवत हजर. कागदावर ठिपकेच ठिपके.

"आकडा वाच."

"कुठला आकडा?"

"वाइसाले, चेष्टा नको."

"अगं, ठिपके आहेत!"

तिचा चेहराच उतरला. "म्हणजे... तुला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही."

आता तुम्हीच सांगा, बस ड्रायव्हरला असं सांगतात? एकोणीस वर्षं मी सिग्नल काय अंदाजाने बघतोय? आणि खोटं कशाला बोलू... त्या घटकेला मला वाटलं, अंदाजानेच असेल! वरचा लाल, खालचा हिरवा, पाठच झालंय की! सोमवारी गाडी काढायची की चावी देऊन टाकायची?

त्यात माझी आई कोपऱ्यात टोपली विणत बसलेली. वासिती पुस्तकी सुरात म्हणाली, "हा दोष मुलाला आईकडून येतो."

"माझ्याकडून?" आई ताडकन उठली. "माझ्या माहेरची माणसं पाण्यातला मासा रंगावरून ओळखतात! तुझ्या सासऱ्याकडून आला असेल!"

"अहो आई, मुलाला बापाचं एक्स गुणसूत्र मिळतच नाही."

"का नाही मिळत? एवढा का कंजूष होता तो?"

मी कागद उचलला नि तडक शेजारच्या इनोकेच्या अंगणात. तिथे कावा पिणं चाललेलं, ते आमचं मुळं कुटून पाण्यात कालवलेलं गुंगीचं पेय. अकरा बाप्ये, मधे लाकडी परात. इनोकेने करवंटी रिकामी केली, कागद उलटा धरला, सुलटा धरला, म्हणाला, "पाऊस पडलेली वाळू दिसते." दुसरा म्हणाला, "देवीचे व्रण." अकराच्या अकरा जणांना आकडा दिसेना! इनोके गदगदून म्हणाला, "म्हणजे आपण सगळेच गेलो रे!" आणि दुःखात आणखी एक परात कालवली.

मी बसलो. मन लागेना. डोक्यात वासितीची ती चिठ्ठी: शंभर पुरुषांत फार तर आठ. आठ! मग इथे अकरात अकरा कसे? करवंटी ठेवली नि धावत घरी.

"आई, आकडा दिसतो का?"

"कसला आकडा?"

"वासिती, आता तू वाच."

"मला उत्तर माहीत आहे. सत्तेचाळीस."

"माहीत नको, वाच!"

तिने बघितलं. परत बघितलं. खिडकीपाशी नेऊन बघितलं. "अगं बाई... मलाही दिसत नाही!"

"बायकांत तर हा दोष शंभरात एकीलाही नसतो ना? मग खोट आमच्यात, की कागदात?"

कागद दिला होता तिच्या वर्गातल्या शलेशनीने. तिला फोन लावला. ती गोड आवाजात म्हणते, "अय्या ताई, प्रिंटरमधली लाल शाई संपली होती, सांगायचंच राहिलं!" तिने मूळ चित्र फोनवर पाठवलं. सत्तेचाळीस! बसच्या पाटीसारखा ढळढळीत! मी अशी आरोळी ठोकली की इनोकेच्या अंगणातून टाळ्या आल्या.

वासिती कित्येक दिवसांनी हसली. हसता हसता मटकन खाली बसली. "वाइसाले, हा कागद निरोगी माणसाला एकदाही निरोगी म्हणत नाही. म्हणजे याची स्पेसिफिसिटी शून्य!" तीन आठवडे तो शब्द तिच्या डोक्यात शिरत नव्हता. पेपरात नेमकं तेच गणित आलं. पास झाली हो! मी गाडी बाजूला घेऊन रडलो.

पण हिने काय करावं? वर्गभर सांगितलं, "मला नवऱ्याने शिकवलं." शलेशनीने ते अख्ख्या रस्त्यावर पसरवलं. काल लागेरेच्या थांब्यावर एक बाई चढल्या. तिकीट नाही, काही नाही, माझ्यापुढे मूत्रपिंडाचा रिपोर्ट धरला. म्हटलं, "मावशी, मी बस चालवतो!"

"चालव की बाळा, मी कुठे नको म्हणते? पण हे क्रिएटिनिन जरा जास्त वाटतं का रे?"

मागे हॉर्न, आत उतारूंची आरडाओरड... काय करणार? हँडब्रेक ओढला नि म्हटलं, "आधीचा रिपोर्ट आणलाय का?"