ड्रममधलं झाड

हॅलो? हां अदिती, बोल… नाही, ऐकू येतंय. बाहेर लाहू ड्रम कापत होता, त्यामुळे… थांब, ओट्यावरून आत येते. हं, आता बोल.

कुठला लाहू म्हणजे? अगं, चिकूच्या वाडीत कामाला असतो तो, तलासरीकडचा. तुझ्या बाबांच्या ख्रिसमस ट्रीचा ड्रम खालून गंजून फुटला. परवा वारा सुटला तसं झाड कललं, कुंपणावर जाऊन टेकलं. म्हणून बोलावलं त्याला.

हो, हो, माहीत आहे. तुझ्या गॅलरीत मावायचं नाही. तू म्हणालीस, तिथेच अंगणात लाव आणि ये. मीही लाहूला तेच सांगितलं. खड्डाही खणून झालाय… अगं ऐक ना. अदू, ऐक. बस जरा कुठेतरी.

नाही, मला काही झालेलं नाही. गोळी घेतलीय… ऐक.

ड्रम कापला तर आत नुसती मुळं. दोरखंडासारखी, गोल गोल वळलेली. ती सोडवताना मधोमध एक डबी निघाली. पूर्वी कॅमेऱ्याचा रोल यायचा ना, काळ्या डबीत, तसली. मुळांनी इतकी घट्ट धरलेली की मुळं कोयत्याने तोडावी लागली. आत मनगटी होती, काळ्या मण्यांची… बाळाच्या हातात बांधतात ती.

नाही, तुझी नाही. तुझी माझ्या कपाटात आहे.

…अदिती, तुझ्याआधी आम्हाला एक मुलगी झाली होती. बोईसरला असताना. दोन दिवस होती… नाही, तुला सांगितलं नाही कधी. घरात कुणीच बोलायचं नाही. मी दवाखान्यात होते. बाबा आणि त्यांच्या रेल्वेच्या केबिनमधले सुनील भावजी, दोघेच तिला घेऊन खाडीकाठी गेले. मनगटी माझ्या आईने ओवलेली. मी नंतर विचारलं, तर बाबा म्हणाले, तिच्या हातातच राहू दिली.

हो. खोटं बोलले.

मघाशी भावजींना फोन केला मी. म्हणाले, वहिनी, विष्णूने माझ्याकडून शब्द घेतला होता. मनगटी त्याने तिथेच काढून घेतली. तिच्यावर लोटली त्यातली ओंजळभर माती तुपाच्या रिकाम्या डब्यात भरली, आणि येताना नर्सरीत थांबला. नर्सरीवाल्याला म्हणाला, बदली झाली की सोबत नेता येईल असं झाड दे. जमिनीत लावावं लागणार नाही असं.

…आहेस ना? हं.

आणि मी काय केलं माहितेय? दवाखान्यातून घरी आले, दारात त्या डब्यात लावलेलं झाड बघितलं आणि म्हटलं, अशा दिवसांत तुम्हाला झाड आणायचं सुचलं? पुढे बत्तीस वर्षं मी त्याला तांब्याभर पाणी घातलं नाही. बाबा गेल्यावरसुद्धा बुधीच घालते, भांडी झाली की.

आठवतंय ना, उंबरगावला बदली झाली तेव्हा टेम्पोत कपाटाच्या आधी झाड चढलं? कुंडी बदलायची तर एकटेच बदलायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. डहाणूला आल्यावर खाऱ्या वाऱ्याने शेंडे जळू नयेत म्हणून रोज धुवायचे. ड्रमला खाली चाकं बसवून घेतली, आणि दर रविवारी थोडं थोडं फिरवायचे, सगळीकडून ऊन लागावं म्हणून. फिरवताना म्हणायचे, ‘फिर गं बाई जराशी.’ मला वाटायचं, झाडाशी बोलतायत.

रडू नकोस… बरं, रड.

एक सांगू? मला अजून ऐकू येतं ते. रविवारी सकाळी चहा टाकते आणि ओट्याकडून येतं, ‘फिर गं.’ पहिल्यांदा कप पडला हातातून. दार उघडलं तर कुणी नाही, झाड तेवढं हलत होतं… वारा असेल. पण नऊ महिने ऐकतेय मी, आणि एकदाही जाऊन फिरवलं नाही. एकाच अंगाने वाढलं ते, म्हणून कललं.

काय?… नाव नव्हतं गं. बारसं व्हायचं होतं.

नाही. खड्डा बुजवायला सांगितलाय मी लाहूला. तुझ्या बाबांनी तिला एकदा जमिनीत ठेवलं, मग जन्मभर नाही ठेवलं. मीही नाही ठेवणार. नवा ड्रम आणलाय, भोकं पाडून झाली. डबी होती तिथेच मुळांत परत ठेवते.

येईन ना, तुझ्याकडेच येईन. पण तळमजल्यावरची जागा बघ. पुढे ऊन पडेल अशी… मिळेपर्यंत मी इथे आहे, डहाणूत, मसोलीला. घाई नाही.

थांब, लाहू हाक मारतोय. माती भरताना बुंधा सरळ धरायला कुणीतरी लागतं… नाही, बुधीला नको. मी धरते. ठेवते हं, अदू.