जूनच्या सुट्टीचं स्टेज

मी दत्ताराम, गुहागरकडचा, धंद्यानं सुतार. आमचे बाबा होड्यांची कामं करायचे, मी दारं-खिडक्या शिकलो, मग लग्न झालं, दोन मुली झाल्या आनि मी कुवेतला आलो, त्याला नऊ वर्षं झाली. अर्दियाच्या गोदामांकडं कंपनीची खोली, आमी सहाजन, सगळे बायकापोरं गावाला ठेवून आलेले. उतरलो त्याच दिवशी मुदीरनं, म्हंजे आमच्या मॅनेजरनं, पासपोर्ट मागून घेतले, हरवतील म्हनाला, आनि तिजोरीत ठेवले. आमाला बरंच वाटलं, काय सांगू तुम्हाला, बरंच वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात सुलभाचं, माझ्या बायकोचं, पिशवीचं ऑपरेशन ठरलं. गाठ होती. डॉक्टर म्हनाले थांबू नका, आनि ही म्हनते तुमी आल्याशिवाय मी टेबलावर झोपनार नाय. मुदीरकडं रजा मागितली, तो म्हनाला काम संपू दे. परत मागितली, परत तेच. पासपोर्ट त्याच्याकडं, मी जानार कसा?

त्यातच आमाला अमेरिकन छावनीत पाठवलं, तिथं हॉलमध्ये स्टेज करायचं होतं, जूनमधल्या त्यांच्या एका सुट्टीसाठी. देखरेखीला एक सार्जंट बाई, काळी, उंच, माझ्या मोडक्या इंग्लिशला हसायची नाय. मी विचारलं, मॅडम, ही कसली सुट्टी? तिनं सावकाश सांगितलं. तिच्या आजीच्या आजीला टेक्ससमध्ये कापसाच्या शेतावर गुलाम म्हनून राबवायचे. सरकारनं जाहीर केलं की तुमी मोकळे, पन टेक्ससात त्यांना कुनी सोडलंच नाय, अडीच वर्षं, अहो अडीच वर्षं! मग फौज आली, अधिकाऱ्यानं हुकूम वाचला, तो हा दिवस. मी म्हनलो, मालकांना ठाऊक नव्हतं? ती म्हनाली, ठाऊक होतं की, पीक काढून घ्यायचं होतं ना. पुढं ते लोक दर वर्षी हा दिवस पाळायला लागले, गोरे लोक बागेत येऊ देईनात तर वर्गनी काढून स्वतःची जागा घेतली, सांडलेल्या रक्ताची आठवन म्हनून लाल सरबत करायचे, आनि देशाची सुट्टी व्हायला दीडशेच्या वर वर्षं गेली. मी रंधा हातात धरून ऐकत राहिलो.

आता मी काय गुलाम नव्हतो, पगार वेळेवर व्हायचा, खोटं कशाला बोलू. पन बाईंचं ते ‘ठाऊक होतं की’ डोक्यातून जाईना. परतताना हसनभाईंना विचारलं, हसनभाई आमच्याच खोलीतले, कंपनीचे ड्रायव्हर, दाभोळचे, वीस वर्षं इथं. ते म्हनाले, दत्ताराम, कामगाराचा पासपोर्ट मालकानं ठेवायचा नाय, हा इथला कायदाच हाय, कधीपासूनचा. मी म्हनलो, मग सांगितलं का नाय?  ते म्हनाले, माझा पन तिथंच हाय रे.

सकाळी पासपोर्ट मागायला सहाजन ऑफिसात जायचं ठरलं. दारापर्यंत सहा होतो, आत गेलो तर मी आनि हसनभाई. मुदीर म्हनाला, पळाला म्हनून नोंद करीन तुझी, पोलीस उचलतील.  मी म्हनलो, साहेब, पासपोर्ट देत नाय एवढं कागदावर लिहून द्या, मी कामगार कचेरीत दाखवतो.  त्यानं मला दुपारची अजान होईपर्यंत खुर्चीत बसवून ठेवलं. मी उठलो नाय. शेवटी हसनभाईंनी गाडीची चावी त्याच्या टेबलावर ठेवली, म्हनाले, मग गाडी पन उभी राहील. तो फोनवर कुनाशी तरी बराच वेळ बोलला, आनि दोन पासपोर्ट टेबलावर आपटले, मला म्हनाला, जा रजेवर.

चौथ्या दिवशी मी सुलभाच्या खाटेशी होतो. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. आता मी दुसऱ्या कंपनीत हाय, कुवेतातच, शुऐब्याला. त्या सार्जंट बाईंची बदली झाली, जिथं असतील तिथं सुखी असोत. राहिलेल्या चौघांचे पासपोर्ट अजून तिजोरीतच हायत. मी जाऊन कायदा सांगतो, ते मान डोलावतात, त्यांनाही घरं हायत, भीती कुनाला नसते? देव त्यांना धीर देवो. पन त्यांना ठाऊक नव्हतं, असं आता कुनी म्हनायचं नाय.