भिंगरी पुसायची कमांड

हॅलो?… हो बाबा, तुमच्याच फोनची वाट बघत होते… जेवेन हो, आधी काम. उघडलीत का माझी पुस्तिका?… नाही, मी तोंडाने काही सांगणार नाही. लिहिलंय तेवढंच करायचं… अहो, तेच तर बघायचंय. मागची वाचून ऑफिसातली नवी मुलं इन्स्टॉल करतानाच अडकली. साहेब म्हणाले, पुन्हा असं झालं तर लिहायचं काम दुसऱ्याला देईन. ही आज संध्याकाळी द्यायचीय… म्हणून तर तुम्ही. तुमच्याइतकं शब्दाला चिकटून बसणारं दुसरं कोण आहे?

झालं इन्स्टॉल?… मग टाका कमांड… काय? 'अशी कमांड नाही'?… ती कमांड टाकायची काळी खिडकी बंद करून परत उघडलीत?… हो, लिहिलं नव्हतं. माझंच चुकलं, लिहिते… आता?… बघा, चाललं.

क्लाउड म्हणजे लांब कुठेतरी ठेवलेलं मशीन, बाबा. आपण घरून हुकूम सोडायचा… आईला नंतर समजवा. हसतेय ना? हसू दे.

आता तिथे सरावाचं मशीन बनवा… बनलं? नाव वाचलंत?… हो, भिंगरी. दुसरं सुचलंच नाही. लहानपणी तुम्ही मला हाक मारायचात तेच आलं हाताला… हो, लक्षात आहे माझ्या.

बरं, शेवटची कमांड. मशीन पुसायचं… 'भिंगरी कायमची पुसायची? हो की नाही?' असं विचारतंय ना? 'हो' लिहा… का?… अहो, सरावाचं आहे ते… हो, ऑफिसातली सगळी मुलं पुसणार तिला… बरं बाबा, त्यांच्यासाठी नाव बदलते. तुम्ही तर लिहा… येणार आहे ना घरी, सुट्टी मिळाली की… हो, मागच्या वेळीही हेच म्हणाले होते.

काय लिहिलंत?… 'नाही'?… त्याचं तर मी काही लिहिलंच नाहीये. कुणी नाही म्हणेल असं डोक्यातच आलं नाही… थांबा, खिडकी बंद करू नका. काय आलंय, वाचा…

'रद्द केलं. भिंगरी आहे तिथेच आहे.'

… हो, ऐकलं. लिहून घेतेय… बाबा, या रविवारी येते. नाही, सुट्टीचं बघते मी… तोवर राहू द्या तिला तशीच… हो, जेवते. ठेवते.